जेवल्यावर गुंगणारं पिल्लू: जन्मजात शंटची शंका, तपासण्या आणि उपचार

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा महिन्यांचं शिह त्झू पिल्लू, वजन २.४ किलो, भावंडांच्या मानाने बरंच लहान. जेवल्यावर तास-दोन तासांत गुंगल्यासारखं होतं, गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं. महिन्याभरात दोनदा फिट आली. रक्तात एएलटी (यकृताचं एक एन्झाइम) थोडं वाढलेलं, बाकी ‘सगळं ठीक’. फिटच्या गोळ्या आणि लिव्हर टॉनिक चालू आहे, अंगी लागावं म्हणून घरून चिकन लिव्हर दिलं जातं. कुणीतरी जन्मजात शंट, म्हणजे यकृताला टाळून जाणारी जास्तीची शीर, असेल असं सुचवलंय. तो ओळखायचा कसा, ऑपरेशन लागतंच का, आणि तोवर काय करायचं?

सगळ्यात आधी, चिकन लिव्हर आजच बंद करा.

पोट, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त हेच. आतड्यातले जंतू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात, यकृत तो याच रक्तातून उचलतं आणि त्याचा युरिया करून टाकतं. शंट म्हणजे या शिरेपासून निघालेली एक जास्तीची शीर. ती यकृताला टाळून थेट मागच्या महाशिरेला, म्हणजे व्हेना कावाला, किंवा अझायगस शिरेला जाऊन मिळते. गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता निघाला की वाहतूक तिकडून जाते आणि बाजारपेठ ओस पडते, तसाच हा प्रकार. अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं तशीच मेंदूपर्यंत पोचतात. दुसरीकडे यकृताला रक्तही कमी पडतं आणि त्या रक्तातून येणारी इन्शुलिनसारखी वाढीची द्रव्यंही. म्हणून यकृत लहानच राहतं. कुठल्याही टॉनिकने ही शीर बंद होत नाही. चिकन लिव्हरमुळे तर अमोनियाला कच्चा माल मिळतो. लिव्हर खाल्ल्याच्या दिवशी पिल्लू जास्त गुंगतं असं घरच्यांच्या लक्षात आलं असेल, तर तो योगायोग नाही. मात्र लक्षणांचा जेवणाशी असा सरळ संबंध सगळ्याच पिल्लांत दिसत नाही. तो दिसला नाही म्हणून शंट नाही, असं समजू नये.

शंट कुठे असतो ते बऱ्याच अंशी जातीवर ठरतं. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग, ल्हासा अॅप्सो, मिनिएचर श्नाउझर अशा लहान जातींत तो बहुधा यकृताच्या बाहेर असतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत यकृताच्या आत असतो. आतल्या शंटचा एक प्रकार म्हणजे डक्टस व्हेनोसस उघडी राहणं. गर्भात ही वाट हवीच असते, कारण तेव्हा यकृताचं बरंचसं काम आईचं शरीर करतं. जन्मानंतर साधारण आठवडाभरात ती आपोआप मिटायला हवी. तुमचं पिल्लू शिह त्झू आहे, तेव्हा बाहेरचा शंट गृहीत धरून सुरुवात करणं योग्य. उपचाराच्या दृष्टीने ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

आता ‘सगळं ठीक’ असलेला तो रिपोर्ट पुन्हा काढा. या आजारात घसरलेले आकडे जास्त बोलतात आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं, कारण आपली नजर वाढलेले आकडे शोधायला सरावलेली असते. युरिया कमी आहे का? यकृत तो पुरेसा बनवत नाही. अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं मुख्य प्रथिन), कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन खालच्या मर्यादेच्या आसपास किंवा त्याखाली आहेत का? हिमोग्रॅममध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, कमी आहे का? एएलटी आणि एएलपी (असंच दुसरं एन्झाइम) थोडे वाढलेले असू शकतात किंवा अगदी नॉर्मलही; शिवाय वाढत्या वयात हाडांमुळे एएलपी तसंही जास्त असतं. फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू असेल तर त्यानेही ही दोन्ही एन्झाइम्स चढतात, त्यामुळे औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट असेल तर तो जास्त मोलाचा. कावीळ या आजारात सहसा नसते. लघवीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. लघवी पातळ आणि तीत अमोनियम बायुरेटचे पिवळट-तपकिरी, काटेरी गोळ्यांसारखे स्फटिक दिसले तर शंका खूप बळावते. लघवी ताजी असताना बघायला सांगा.

आपल्याकडे पिल्लाला फिट आली की आधी डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण डिस्टेंपरमध्ये बहुधा ताप, डोळ्यानाकातून चिकट स्राव, जबडा चावल्यासारखा हलणं किंवा एखादा स्नायू सतत उडत राहणं दिसतं. पिल्लू चार दिवस गुंगलेलं आणि पाचव्या दिवशी अगदी खेळकर, असं वरखाली होणं शंटकडे बोट दाखवतं. गोचिडतापातही रक्तक्षय आणि कमी अल्ब्युमिन सापडतं. फरक असा की जुनाट गोचिडतापात ग्लोब्युलिन (रक्तातल्या प्रथिनांचा दुसरा गट) बहुधा चढलेलं असतं, शंटमध्ये ते नॉर्मल किंवा कमी असतं. फार लहान पिल्लात नुसती साखर उतरण्यानेही फिट येते आणि चपट्या तोंडाच्या जातींत मेंदूत पाणी साचण्याचा विचार करावा लागतो.

खरी चाळणी म्हणजे बाइल अॅसिडची, म्हणजे यकृत रक्तातून परत उचलतं त्या पित्ताम्लांची, जोड-चाचणी. आठ ते बारा तास उपाशी ठेवून पहिला नमुना, मग थोडं स्निग्ध खाणं, आणि बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना. या वयाच्या आणि वजनाच्या पिल्लाला बारा तास उपाशी ठेवू नका, साखर उतरेल. रात्री उशिरा शेवटचं खाणं देऊन सकाळी लवकर नमुना घ्यावा. खाणं दोन-तीन चमचेच, पण पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर पित्ताशय रिकामं होत नाही आणि चाचणी फसते. नॉर्मल कुत्र्यात जेवणानंतरचा आकडा साधारण २५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असतो. शंटमध्ये तो बहुधा १०० च्या पुढे जातो. कधी कधी उपाशीपोटीचा नमुना नॉर्मल येतो आणि दुसरा उंच, म्हणून एकाच नमुन्यावर भागवू नये. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या असतील किंवा तो चरबीने पांढुरका असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. जवळच्या प्राण्यांच्या लॅबमध्ये ही सोय नसेल तर माणसांच्या मोठ्या लॅबमध्ये विचारा. गरोदरपणात होणाऱ्या यकृताच्या एका त्रासासाठी टोटल बाइल अॅसिडची चाचणी तिथे होते, आणि तीच इथे चालते. फक्त मर्यादा कुत्र्याच्या लावायच्या.

अमोनियाची चाचणीही उपयोगी आहे, पण नमुना जरा हयगय झाली की वाया जातो. ईडीटीएच्या नळीत घ्यायचा, लगेच बर्फात ठेवायचा आणि अर्ध्या तासाच्या आत मोजायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकलवरून पाठवलेल्या नमुन्यातला वाढलेला अमोनिया हा पिल्लाचा नसून उशिराचा असतो. म्हणून यंत्र त्याच दवाखान्यात नसेल तर या चाचणीवर मी पैसे खर्च करायला सांगणार नाही.

बाइल अॅसिड मध्यमच वाढलेलं, पिल्लू बऱ्यापैकी वाढतंय, लक्षणं नाहीत, असं असेल तर आणखी एक शक्यता असते: पोर्टल शिरेच्या यकृतातल्या अगदी बारीक फांद्याच नीट घडलेल्या नसणं. त्याला मायक्रोव्हॅस्क्युलर डिस्प्लेझिया म्हणतात, आणि लहान जातींत तो आढळतो. त्यात बांधायला कुठली शीरच नसते. माल्टीज जातीत तर निरोगी कुत्र्यांतही बाइल अॅसिड जास्त सापडतं. आणि पिल्लाच्या पोटात पाणी झालं असेल तर साधा एकेरी शंट जवळजवळ बाजूला ठेवा. तिथे पोर्टल शिरेतला दाब वाढलेला असतो. मग धमनी आणि शीर यांची यकृतात जन्मजात थेट जोडणी, किंवा पोर्टल शिरेची अपुरी वाढ आणि त्यातून नंतर फुटलेले अनेक छोटे शंट, यांचा विचार करावा लागतो. हे छोटे शंट शरीराने दाब उतरवायला काढलेल्या वाटा असतात. ते बांधायचे नसतात. बांधले तर प्राणी जातो.

शंट डोळ्यांनी दिसण्यासाठी सोनोग्राफी आणि सीटी अँजिओग्राफी. अनुभवी हाताच्या सोनोग्राफीत लहान यकृत, वेडीवाकडी जास्तीची शीर, मोठी दिसणारी मूत्रपिंडं आणि मूत्राशयातले खडे सापडू शकतात. पोर्टल शीर आणि महाधमनी यांच्या व्यासांचं गुणोत्तर ०.६५ किंवा त्याहून कमी आलं तर यकृताबाहेरच्या शंटची शक्यता दाट असते. पण ‘शंट दिसला नाही’ एवढ्या सोनोग्राफी रिपोर्टवर प्रकरण मिटवू नका. पोटात वायू असेल, पिल्लू हलत असेल, तर चांगल्या डॉक्टरांच्याही नजरेतून ती शीर सुटते. ऑपरेशनचा विचार असेल तर सीटी हवाच. शीर कुठून निघते, कुठल्या बाजूने वळते आणि नेमकी कुठे मिळते याचा नकाशा हाती असला की पोट उघडल्यावर शोधाशोधीत भुलेचा वेळ जात नाही.

ऑपरेशन लगेच होवो न होवो, औषधं आणि आहार आजपासून नीट लावायचे. अस्थिर पिल्लाला थेट टेबलवर घेऊ नये. निदान दोन-तीन आठवडे स्थिर केल्यावरच घ्यावं.

लॅक्टुलोज हा यातला मुख्य आधार. बाजारात मिळणाऱ्या सिरपमध्ये १५ मिलीत १० ग्रॅम असतं. मात्रा ०.२५ ते ०.५ मिली प्रति किलो, दिवसातून दोन-तीनदा. तुमच्या पिल्लाला १ मिलीपासून सुरुवात करता येईल. यात बाटलीवरच्या आकड्यापेक्षा शीकडे बघायचं: दिवसातून दोन-तीनदा मऊ, आकार टिकवणारी शी झाली की मात्रा बरोबर. पाण्यासारखी झाली तर कमी करा, कारण जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की मेंदूचा त्रास उलट वाढतो. लॅक्टुलोज आतड्यात आम्लता आणतं, तिथे अमोनियाचं अमोनियममध्ये रूपांतर होतं आणि ते रक्तात न शिरता शीबरोबर बाहेर पडतं. जोडीला जंतू कमी करायला मेट्रोनिडॅझोल ७.५ मिलिग्रॅम प्रति किलो दिवसातून दोनदा, किंवा अॅम्पिसिलिन अथवा अॅमॉक्सिसिलिन. मेट्रोनिडॅझोलची नेहमीची मोठी मात्रा इथे देऊ नये. यकृत ते नीट मोडत नाही, साठलेल्या औषधाने तोल जातो, डोळे हलतात, आणि मग तोच शंटचा त्रास समजून मात्रा आणखी वाढवली जाते.

फिटसाठी लेव्हेटिरासिटाम, २० मिलिग्रॅम प्रति किलो दर आठ तासांनी, मला जास्त पसंत आहे, कारण त्याचा फारसा भार यकृतावर पडत नाही. पण चालू असलेलं फेनोबार्बिटोन एकदम थांबवू नका. एकदम थांबवल्यानेच मोठी फिट येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा. बाकी वेदनाशामक गोळ्या, कुठलंही स्टेरॉइड, जंताचं औषध किंवा गोचिडांचं औषध हे डॉक्टरांना शंटची शंका सांगितल्याशिवाय देऊ नका. भुलेआधी तर हे आवर्जून सांगा. नसबंदीच्या भुलेतून तासन्‌तास न उठलेलं पिल्लू, ही या आजाराची एक नेहमीची पहिली ओळख असते.

आहाराबाबत लोक दोन टोकं गाठतात. एक तर मटण-चिकनचा मारा, नाहीतर नुसता दहीभात. वाढत्या पिल्लाची प्रथिनं फार तोडली तर अल्ब्युमिन आणखी घसरतं, स्नायू झिजतात, आणि अमोनिया हाताळण्यात स्नायूंचाही वाटा असतो. प्रथिनं कोणती देता हे जास्त महत्त्वाचं. लाल मांस, मासे आणि लिव्हर यांच्यापेक्षा दुधाची, अंड्याची आणि सोयाबीनची प्रथिनं चांगली सोसतात. कोरड्या वजनाच्या हिशेबाने कुत्र्याला साधारण १८ ते २२ टक्के प्रथिनं पुरतात. तयार हेपॅटिक डाएट मिळत असेल तर उत्तम. मिळेपर्यंत २.४ किलोच्या पिल्लाला दिवसभरात मिळून एक उकडलेलं अंडं, २५ ग्रॅम बिनमिठाचं घरचं पनीर आणि साधारण १०० ग्रॅम मऊ शिजवलेला भात, हे चार-पाच वेळा विभागून द्या. यातून सुमारे २७० किलोकॅलरी आणि १२-१३ ग्रॅम प्रथिनं जातात. हा आहार अपुरा आहे, त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घालावी लागतात, म्हणून महिनोन्‌महिने डॉक्टरांना न विचारता चालवू नका. कांदा-लसूण अजिबात नको. रात्री झोपण्यापूर्वी एक घास द्याच, म्हणजे पहाटे साखर उतरणार नाही.

घरी फिट आली तर तोंडात पाणी ओतू नका. बोट चावणार नाही अशा बेताने हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी चोळा आणि दवाखान्यात न्या. तिथे आधी साखर तपासावी. कमी असेल तर शिरेतून पातळ केलेलं डेक्स्ट्रोज. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही न देता लॅक्टुलोजचा एनिमा: तीन भाग लॅक्टुलोज, सात भाग कोमट पाणी, २० मिली प्रति किलो, पंधरा-वीस मिनिटं आत राहील असा. लघवीला जोर करणारा पण थेंबही न होणारा नर असेल तर थांबू नका. युरेटचे खडे साध्या एक्सरेत बहुधा दिसत नाहीत, तेव्हा ‘एक्सरे क्लिअर’ म्हणून परत पाठवलं तर सोनोग्राफीचा आग्रह धरा.

आता ऑपरेशन. बाहेरचा एकेरी शंट असलेल्या तरुण कुत्र्यात, खर्च झेपत असेल आणि सर्जन मिळत असेल, तर ऑपरेशन करावं असंच माझं स्पष्ट मत आहे. औषधांवर काही कुत्री वर्षानुवर्षं बरी राहतात, पण मूळ वाट उघडीच असते आणि यकृत वाढत नाही. शस्त्रक्रिया झालेली कुत्री जास्त जगतात. वय थोडं वाढलं म्हणूनही ती नाकारू नये.

शीर एकदम गच्च बांधून टाकता येत नाही, कारण यकृतातल्या फांद्या इतकं रक्त एकाएकी घेऊ शकत नाहीत. पोर्टल दाब चढतो, आतडी निळी पडतात, रक्ती जुलाब होतात आणि प्राणी शॉकमध्ये जातो. म्हणून वाट हळूहळू मिटवायची. अॅमरॉइड कन्स्ट्रिक्टर हे स्टीलच्या कड्यात बसवलेलं केसीनचं वळं असतं. केसीन ओलावा शोषून आतल्या बाजूने फुगतं, भोवती तंतुमय ऊती धरते, आणि काही आठवड्यांत शीर मिटते. वळं शिरेपेक्षा किंचित मोठं हवं आणि शीर त्यात पिळली जाता कामा नये. जड वळ्याने शिरेला मोड आला तर ती तिथल्या तिथे एकदम बंद पडते. दुसरा आणि खूपच स्वस्त पर्याय सेलोफेनची पट्टी: सुमारे १.२ सेंमी रुंद पट्टीची उभी घडी घालून चार मिमीची करायची, निर्जंतुक करून शिरेभोवती सैल गुंडाळायची आणि टायटॅनियमच्या क्लिपांनी अडकवायची. तिच्याभोवती दाह होऊन शीर आकसते. इथे एक धोका आहे. दुकानात सेलोफेन म्हणून मिळणारा चकचकीत कागद बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याने दाह किती होईल आणि शीर मिटेल की नाही, याचा भरवसा नसतो. पट्टी कशाची आहे हे सर्जनला विचारायला संकोचू नका. पट्टी असो वा वळं, ते शंट जिथे मोठ्या शिरेला मिळतो त्याच्या अगदी जवळ बसवायचं. मागे बसवलं आणि पुढे एखादी बारीक फांदी शंटला येऊन मिळत असेल, तर रक्ताला वाट उरतेच. त्याच वेळी मूत्राशयातले खडे काढून घ्यावेत आणि यकृताचा तुकडा तपासणीला पाठवावा. यकृताच्या आतल्या शंटसाठी मानेच्या शिरेतून जाऊन व्हेना कावात स्टेंट (जाळीची नळी) आणि मागे कॉइल (वाट बुजवणारी तारेची गुंडाळी) बसवण्याची पद्धत आहे. त्या कुत्र्यांना पोटात व्रण होण्याचा धोका मोठा, म्हणून पोटातलं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल दीर्घकाळ चालू ठेवावं लागतं.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन-चार दिवस खरे कसोटीचे. साखर दर काही तासांनी, शरीराचं तापमान, पोटाचा घेर, शीचा रंग, आणि वागण्यातला कुठलाही बदल, हे सगळं बघणारं माणूस रात्रीही हवं. काही प्राण्यांना या काळात साखर आणि अमोनिया नॉर्मल असूनही फिट सुरू होतात आणि त्या आटोक्यात आणणं अवघड जातं. याचं कारण पुरतं उलगडलेलं नाही. लेव्हेटिरासिटाम आधीपासून दिल्याने त्या टळतातच असं नाही. म्हणून रात्री कुलूप लागणाऱ्या दवाखान्यात हे ऑपरेशन करून घेऊ नका. बाहेरच्या शंटच्या बाबतीत बहुसंख्य कुत्री चांगली सुधारतात. आहार आणि लॅक्टुलोज मात्र पुढचे एक-दोन महिने चालूच ठेवायचे. तीन महिन्यांनी अल्ब्युमिन, युरिया, एमसीव्ही आणि बाइल अॅसिड पुन्हा बघा. पहिले तिन्ही सुधारले, वजन वाढलं, पण बाइल अॅसिड थोडं जास्तच राहिलं, तर घाबरायचं कारण नाही. बारीक फांद्यांचा दोष सोबत असला की असं होतं. आकडे मुळीच हलले नाहीत किंवा पोटात पाणी झालं, तर पुन्हा सीटी.

घरात मांजर असेल तर दोन फरक लक्षात ठेवा. मांजरात या आजाराचं ठळक लक्षण म्हणजे तोंडातून गळणारी लाळ. डोळ्यांचा तांब्यासारखा रंग हेही लक्षण सांगितलं जातं, पण पर्शियन मांजरांत तो रंग जातीचाच असतो, तेव्हा आपल्याकडच्या पर्शियनमध्ये त्यावरून काही ठरवू नका. मांजराला प्रथिनं ३० ते ३५ टक्के लागतातच आणि टॉरिन हे अमिनो आम्लही हवं; कुत्र्याचं हेपॅटिक डाएट किंवा पनीर-भात तिला चालणार नाही. ऑपरेशननंतर फिट आणि तात्पुरतं आंधळेपण मांजरांत जास्त दिसतं, हे आधीच समजून निर्णय घ्यावा.

शेवटी पिल्लू जिथून घेतलं त्यांना हा रिपोर्ट जरूर पाठवा. काही जातींत हा दोष आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालं आहे, तेव्हा या पिल्लाची पैदास तर करूच नये, त्याच आईबापांचीही पुन्हा जोडी लावू नये. भावंडांचीही जेवणाआधीची आणि नंतरची बाइल अॅसिड चाचणी करून घ्यायला सांगा. त्यातलं जे पिल्लू ‘टीकप साइझ’ म्हणून जास्त किमतीला विकलं गेलं असेल, त्याच्यापासून सुरुवात करा.